झांज तिथेच होती, मोठेभाऊ

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर सही सोडली तर हातात पेन आलं ते तुमच्यामुळे, तेही या वहीपुरतं. वही तीच, निळ्या पुठ्ठ्याची. पुढच्या पानांवर तुम्ही सांगितलेलं आहे, मागची कोरी होती, म्हणून उलटी करून मागून लिहायला घेतली. तुम्ही हे वाचणार नाही, दुसऱ्या कोणाला मी वाचू देणार नाही, तरी चुका दिसतात आणि लाज वाटते.

दुसरी अडचण, तुम्हाला हाक काय मारायची. सतरा वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, आणि मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भावसुनेनं बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, एका खाटेवर बसायचं नाही. तुम्ही आत यायच्या आधी खोकायचे, म्हणजे मी पदर घेऊन बाजूला होईन. काही द्यायचं झालं तर तुम्ही उंबरठ्यावर ठेवून मागे सरायचे, मग मी उचलायची. घरातले सगळे मोठेभाऊ म्हणतात, तर मीही तेच म्हणते. आता रागवायला कोण आहे.

तर मोठेभाऊ, परवा तुमची तेरवी झाली आणि मंडप सुटायच्या आधीच घरात गाणी भरायची मशीन विकायची बोलणी सुरू झाली. हे म्हणाले, "बचत गटाचे हप्ते बाकी हायेत. मशीन पडून राह्यली त भंगारात जाईन. नागपूरचा एक जण घेतो म्हणते." जाऊबाई म्हणाल्या, "मले इचारू नका. त्या डब्यानं माह्या घराचं खुराडं केलं." मला कोणी विचारलं नाही. मी तर फक्त बटण दाबणारी.

आणि त्या मशीनमध्ये भजन मंडळाची कॅसेट तशीच अडकून आहे. चारही पट्ट्या भरलेल्या, एकीवर पेटी, एकीवर ढोलक, एकीवर झांज आणि एकीवर गळा. त्या कमीजास्त करून एका साध्या कॅसेटवर उतरवायच्या राहिल्या आहेत. तुम्ही त्याला मिक्सिंग म्हणत होते, मी मनात कालवणं म्हणते. मंडळानं निम्मे पैसे आधी दिले, ते तुमच्या औषधपाण्यात गेले. निम्मे कॅसेट हातात आल्यावर देणार आहेत. तेवढ्यात गटाचं सगळं फिटतं. कॅसेट झाली नाही तर मशीन जाईल, आणि मंडळाचेही पैसे परत करावे लागतील. सगळे म्हणतात, आता कॅसेट कोण करणार, करणारा तर गेला.

करणारा कोण होता हे मला माहीत आहे. तुम्हाला माहीत होतं की नाही, तेवढं मला माहीत नाही. तेरा दिवस मी याच गोष्टीवर जळते आहे. रडू आलं ते वेगळं.

तुम्हाला हे खूळ लागलं तेव्हा मी चुलीजवळ बसून ऐकत होते. आरा मशीनवर वीस वर्षं लाकडं कापली तुम्ही, आणि हिवाळ्यात नाटक मंडळीत पेटी वाजवली. एका वर्षी नागपूरहून माणसं आली, एका दुपारात मंडळीची सगळी गाणी भरून घेऊन गेली आणि महिन्याभरात आपल्याच अहेरीच्या बाजारात त्यांची कॅसेट विकायला आली. वर नाव कोणाचंच नाही. तुम्ही ती विकत घेऊन आले, अंगणात वाजवली आणि म्हणाले, "आपलीच पेटी आपल्यालेच इकून राह्यले लेकाचे. आता आपले गाणे आपल्याच घरी भरायचे."

इथपर्यंत बरोबर होतं. पण तुमचं सरळ काही असायचंच नाही. नागपूरच्या एका स्टुडिओनं कॉम्प्युटर घेतला, त्याची जुनी चार पट्ट्यांची मशीन विकायला निघाली. तुमच्याकडे पैसे नाहीत. मग रात्री जेवताना जाऊबाईंना म्हणाले, "तिच्या बचत गटातून निघते का पाह्य म्हणा." भिंतीपलीकडे मी होतेच. ऐकायला येईल अशाच आवाजात म्हणाले तुम्ही. गाणी भरायच्या यंत्रासाठी गट पैसे देत नाही, म्हणून अर्जात शिवणयंत्रासाठी असं लिहवून घेतलं आणि खाली मी सही केली. आयुष्यात एका खोट्यावर सही केली ती तुमच्यापायी. पुढे दर महिन्याच्या बैठकीत मी मान खाली घालून हप्ता द्यायची आणि गटाची अध्यक्षीण सगळ्या बायांसमोर म्हणायची, "तुही शिलाई मशीन लयच गाते वं. काल त पेटीही वाजवून राह्यली होती!" बाया हसायच्या. तुम्ही तिथे नव्हते ना.

मशीन आली. शिकवणार कोण? तुमचं ठरलेलं, विद्या गुरूकडून घ्यायची. कोणता गुरू मिळाला ते मी सांगते. ज्या स्टुडिओतून मशीन घेतली, त्या माणसाकडे तुम्ही दोनदा नागपूरला गेले. दोन्ही वेळा त्यानं चहा पाजला आणि तुम्ही बटणांकडे पाहायला लागले की त्यांवर टॉवेल टाकला. तुम्ही घरी येऊन कौतुकानं सांगत होते, "मोठा कलाकार हाये, पण हात नाई लावू देत." अहो, कलाकार कसला, चोरासमोर बाई डबा झाकते तसा झाकत होता तो.

मग टपालानं शिकवणारं कोणी सापडलं. पहिला धडा आला, ध्वनी म्हणजे काय. दुसरा आलाच नाही. ध्वनी म्हणजे काय ते घरात सगळ्यांना पाठ झालं, पुढे त्याचं काय करायचं ते राहिलं. मग चंद्रपूरच्या फुटपाथवरून ते इंग्रजी पुस्तक आलं, विटेएवढं जाड. शब्दकोश घेऊन तुम्ही एका आठवड्यात एक पान वाचायचे आणि शनिवारी जाऊबाईंना त्याचा अर्थ सांगायचे. रविवारी अर्थ बदलायचा.

आणि अंड्यांचे ट्रे! कोणी लाउडस्पीकरवाल्यानं सांगितलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही. तुम्ही बाजारातून दीडशे ट्रे गोळा केले. धुतलेसुद्धा नाही. ओले झाले तर लगदा होईल म्हणाले. बैठकीच्या चार भिंती भरल्या. पावसाळ्यात त्याचा वास सुटला, झुरळं झाली, दोन ट्रेंत पालीनं घर केलं. जाऊबाई पाहुण्यांना सांगायच्या, "बसा, कोंबड्या येतच असतीन." आवाज घुमायचा तो घुमतच राहिला.

पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही जे भरलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. तुम्ही मशीनजवळ बसून पेटी वाजवायचे, एका हातानं बटण दाबायचे, पुन्हा पेटीवर हात. गाण्यात मशीनची घरघर यायची, बटणाचा खटका यायचा, तुमची खुर्ची यायची. मशीन दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला पाहिजे होती. हे बसवर कंडक्टर, सकाळी गेले की दिवे लागणीला यायचे. जाऊबाईंनी साफ सांगितलं, "मी नाई हात लावत त्याले, करंट मारते." राहिले कोण?

पण मी तुमच्यासोबत एका खोलीत बसणार कशी? त्यावर दोन दिवस विचार झाला, आणि शेवटी जाऊबाईंनीच तोडगा काढला. मशीन स्वयंपाकघरात तांदळाच्या पिपावर ठेवली. वायरी दाराच्या खालून बैठकीत नेल्या. दारावर दोन गोधड्या आणि एक बारदाना शिवून जाड पडदा टांगला. शिवला मी, हातानं, कारण शिवणयंत्र कुठे होतं? पलीकडे तुम्ही, पेटी, माइक. अलीकडे मी, चूल, हेडफोन. तुम्ही खोकले की मी बटण दाबायचं, पुन्हा खोकले की गाणं सुरू, असं ठरलं. दुसरी खूण आपल्या दोघांत होतीच कोणती.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाणं स्वच्छ आलं. घरघर नाही, खटका नाही. तुम्ही चारदा ऐकलं आणि म्हणाले, "ट्रेनं काम केलं." ट्रेनं! पुढे दोन महिन्यांनी तुम्हाला त्या विटेच्या सत्तराव्या पानावर चित्र सापडलं, की गाणारा एका खोलीत आणि मशीनवाला दुसऱ्या खोलीत, मध्ये काच. तुम्ही नाचायचेच बाकी राहिले. "पाह्य वं पाह्य, इंग्रजानं लिहिलं थे आपल्या घरी पयलेपासूनच हाये!" जाऊबाई म्हणाल्या, "इंग्रजाच्या घरीही भासरा-भावसून असतीन." ते एकदा मी पडद्यामागे तोंडात पदर घालून हसले. तुम्हाला ऐकू गेलं नसणार.

ऐकू जाण्याचंच सांगायचं आहे मला. तिथेच सगळं अडलेलं आहे.

आपली दुसरी की तिसरी कॅसेट. नाटकातली गाणी होती. बटणं तुम्हीच लावायचे, तेव्हा मी परसात जाऊन उभी राहायची. मग तुम्ही बैठकीत बसून स्पीकरवर ऐकायचे आणि काय कमी, काय जास्त ते जाऊबाईंना सांगायचे.

"झांज कुठी गेली? सांग वं तिले, झांज आयकूच नाई येऊन राह्यली. तिचा ट्रेबल वाढव म्हणा."

"झांज वाढव म्हणते वं."

मी वाढवली.

"अजून."

मी वाढवली. माझ्या कानात कोणी पत्रा खरवडत होतं.

"अजून म्हणा. मरतुकडी वाजून राह्यली."

जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "अजी, कुत्रं पळालं अंगणातून. आन तुमाले आयकू नाई येत?"

"कुत्र्याले काय समजते मिक्सिंग?" तुम्ही म्हणाले.

झांज तिथेच होती, मोठेभाऊ. सगळ्यात पुढे होती. वीस वर्षं आऱ्याजवळ उभं राहून तुमचे कान बारीक आवाजाला, त्या ट्रेबललाच, बंद झाले होते. जाड आवाज येत होता, ढोलक येत होतं, माणसाचं बोलणं येत होतं, म्हणून तुम्हाला कळत नव्हतं. दारातली सायकलची घंटी तुम्हाला यायची नाही. चिमणी यायची नाही. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही विचारायचे, कुकर लागला का. घरात सगळ्यांना कळलं होतं. मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "मोठ्या भावाले बह्यरा म्हणू का मी?" जाऊबाईंनी कुत्र्याचं सांगून पाहिलं, तेवढीच त्यांची हिंमत. आणि मी? मला तर बोलायचंच नव्हतं.

तो सबंध हिवाळा तुम्ही झांज शोधत हिंडले. कॅसेट कर्कश येते असं लोक म्हणत होते, आणि तुम्हाला वाटायचं विद्या कमी पडते. आणखी पुस्तकं पाहिजेत, आणखी कोणी जाणकार पाहिजे. बसचं भाडं, चहापाणी, दिवस. चंद्रपूरला इंटरनेट आलं तर तिथे जाऊन अठरा पानं छापून आणली, सगळी इंग्रजी, त्यातली चार पानं कोरी नुसती जाहिरातीची चौकट असलेली. मी भांडी घासताना स्वतःशी म्हणायची, अहो, गुरू नका शोधू, कानाचा डॉक्टर शोधा.

एक माणूस मात्र खरा भेटला तुम्हाला. सिरोंच्याला नदीकाठी राहणारा, घरातच तेलुगू भजनांच्या कॅसेटी भरणारा. तुम्ही त्याच्याकडे दोन दिवस राहून आले, आणि त्यानं टॉवेल टाकला नाही, बटणं उघडी ठेवली. तुम्ही येऊन सांगितलं, "तो म्हणते, मुंदु तीसेय. आधी काढ. गळा दबून राह्यला त गळा नाई वाढवायचा, गळ्याच्या उरावर बसलं असन थे कमी करायचं. सांग वं, लिही म्हणा तिले." तेव्हा ही वही आणली तुम्ही. जाऊबाई वाक्य उच्चारायच्या, मी पीठ लागल्या हातानं लिहायची. पहिल्या पानावर तेच आहे: आधी काढ, मग घाल. शाळा सुटल्यापासून मी लिहिलेलं पहिलं वाक्य.

किती सोपं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून कोणी तिखट वाढवत नाही. मला लगेच कळलं. तुम्हीच सांगितलं, तुम्हीच लिहवून घेतलं, आणि पान उलटायच्या आत म्हणाले, "आता झांज वाढव म्हणा."

त्या दिवशी मी ठरवलं.

शेवटचं उतरवणं माझ्याकडेच असायचं. तुम्ही बटणं लावून, ऐकून, समाधान झालं की तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला ओसरीवर जायचे, आणि मी एकटी हेडफोन लावून चार पट्ट्या साध्या कॅसेटवर उतरवायची. मी झांजेचा ट्रेबल खाली आणला. पेटीचा थोडा. ढोलकाची घुमणूक थोडी काढली. गळा वर आला, पाण्यातून कमळ येतं तसा आपोआप, मी त्याला हातही लावला नाही. कॅसेट उतरली की बटणं परत तुमच्या जागेवर फिरवून ठेवायची. चोरीच होती ती.

ती कॅसेट गाजली. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत बसमध्ये वाजली, हे सांगत आले की ड्रायव्हर उलटसुलट तीच लावतो. आणि तुम्ही काय केलं? पुस्तकाला हळदकुंकू लावलं! "तिसऱ्या धड्यानं करून दाखवलं," म्हणाले. त्या विटेला! माझा इतका संताप झाला की त्या दिवशी वरणात मी मीठच घातलं नाही, आणि तुम्ही न बोलता खाल्लं.

त्यानंतर दोन वर्षं असंच चाललं. तुम्ही वाढवायचं, मी काढायचं, नाव पुस्तकाचं.

सुरुवातीलाच एकदा घोटाळा झाला होता, तो तुम्हाला आठवतो का? उतरवणं चालू होतं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. पातेलं उचलताना हातावर सांडलं. मी परसात पाण्याकडे पळाले. तेवढ्यात आत तुमचा खोकला ऐकू आला. पाच मिनिटांनी मी परत आले तर पडदा जागेवर, मशीन चालू, तुम्ही बैठकीत, आणि पिपावर बर्नॉलची नळी ठेवलेली. मी बटणं पाहिली. माझ्याच जागेवर होती. वाटलं, तुम्ही मलम ठेवून गेले, पाहिलं नसेल. त्यानंतर एवढं झालं की तुमचं "अजून" थांबलं. एकदा म्हणायचे, वाढव, आणि मग म्हणायचे, "राहू दे म्हणा, जसं हाये तसं उतरव." मला वाटलं थकले.

आणि मग ते पुस्तकाच्या दुकानाचं. यांनी घरी येऊन सांगितलं, हसत हसत, की चंद्रपूरच्या दुकानात मोठ्याभावानं विचारलं, "रेकॉर्डिंगचं मराठीत नाई का? मोठ्या अक्षरातलं, चौथी शिकलेल्याले समजन असं?" दुकानदार म्हणाला असं पुस्तक कोणी लिहिलंच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी चौथी तुम्ही चंद्रपूरच्या बाजारात सांगत फिरले! तीन दिवस मी मशीनला हात लावला नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी उंबरठ्यावर मराठी पुस्तक होतं, रेडिओ दुरुस्तीचं. दुसरं मिळालं नाही, असं जाऊबाईंच्या तोंडून कळवलं. रेडिओ दुरुस्त करून मी काय करू? ते मी तांदळाच्या पिपात टाकून दिलं. अजून तिथेच आहे, भुंगे लागून.

मग तुम्ही रोज लिहवून घ्यायला लागले. माइक गळ्यापासून किती वीत लांब ठेवायचा. बाजाराच्या दिवशी भरायचं नाही. ढोलकवाल्याला दारापासच्या कोपऱ्यात बसवायचं. मशीनचं डोकं कापूस आणि स्पिरिटनं पुसायचं. मला कंटाळा यायचा. मनात म्हणायची, तुम्हाला सगळं पाठ आहे तर मला कशाला राबवता, भाकरी करपून राहिली. मंडळाची कॅसेट भरून झाली आणि ताप आला तुम्हाला. आठ दिवस. शेवटच्या दिवसात तुम्ही शुद्धीत असताना जाऊबाईंनी मला खोलीत बोलावलं होतं, पाया पडून घे म्हणून. मी दाराबाहेरून पडले. तुम्ही हात वर केला की नाही ते मला पदरामुळे दिसलं नाही.

इथे मी वही ठेवून दिली होती. आता महिना होत आला. पुढचं सांगते.

नागपूरचा माणूस मशीन पाहायला शुक्रवारी येणार होता. बुधवारी दुपारी हे कामावर, जाऊबाई शेजारी हळद कांडायला गेलेल्या. मी कडी लावली. ही वही पुढून उघडली आणि मशीनवरचं कापड काढलं. धूळ होती, वहीत लिहिल्याप्रमाणे पुसायला घेतली. पुसताना झांजेच्या बटणाशेजारी पांढरं दिसलं. मला वाटलं पीठ, नेहमी वाटायचं तसं. नखानं खरवडलं, निघालं नाही. चुना होता. तुमच्या खर्ऱ्याचा चुना, काडीच्या टोकानं लावलेला मोहरीएवढा ठिपका. बाजूला पेटीच्या बटणाजवळ तसाच एक. ढोलकाजवळ एक. गळ्याजवळ नाही, त्याला मी हातच लावत नव्हते.

मी झांजेचं बटण माझ्या जागेवर फिरवलं, सवयीनं, न पाहता. मग पाहिलं. बटणावरच्या काट्याचं टोक बरोबर ठिपक्यावर होतं. पेटीचं फिरवलं, तेही. तिन्ही.

माझ्या जागा होत्या त्या, मोठेभाऊ. तुमच्या नव्हे.

म्हणजे दूध उतू गेलं त्या दिवशी तुम्ही मलम ठेवलं आणि चुन्याची डबीही उघडली. म्हणजे तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं. तुमचे कानही माहीत होते आणि माझी चोरीही. मी एवढी चिडले! एकटी त्या पिपासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, माहीत होतं तर एकदा सांगायचं होतं. जाऊबाईंच्या तोंडून सांगायचं होतं. कागदावर लिहून उंबरठ्यावर ठेवायचं होतं, मला वाचता येतं, चौथीपर्यंत का होईना. दोन वर्षं मी भीत भीत बटणं परत फिरवत होते आणि तुम्ही पलीकडे बसून मला फिरवू देत होते. आणि नाव त्या पुस्तकाचंच!

मग राग खाली बसला, कारण सांगायचं तर मलाही होतं. माझ्याकडेही उंबरठा होताच.

हेडफोन लावला, बटण दाबलं. आधी तुम्ही खोकले. मी विसरलेच होते की प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला तुमचा खोकला असतो. दर वेळी मी तो जाऊ द्यायची आणि मग आवाज उघडायची. या वेळी आवाज बंद ठेवायला माझा हात उचललाच नाही. खोकला उतरला कॅसेटवर. मग पेटी आली, तुमची, आणि त्यावर गळा, आणि झांज लांब, देवळाच्या मागच्या बाजूला वाजावी तेवढी.

गुरुवारी मंडळाचे म्हातारे बुवा आले. यांनी बैठकीत कॅसेट लावली. पहिलाच खोकला. बुवा हसले, "आले मोठेभाऊ!" सगळं भजन ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "याचं मिक्सिंग कोनं केलं? भाऊ त भरल्याबरोबर बिमार पडले."

हे पडद्याकडे पाहत होते, मला गोधडीच्या फटीतून दिसत होतं. मी म्हटलं, "मी केलं."

घरातल्या भिंतींनी माझा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. ट्रे लावले तरी घुमला.

"आन याच्या आधीच्या?" बुवांनी पडद्याला विचारलं.

"त्याही."

"मले त माहीतच होतं," जाऊबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या. "कुत्र्यालेही माहीत होतं."

बुवांनी राहिलेले पैसे यांच्या हातात दिले. यांनी ते मोजले नाही. उठले आणि पडद्याखाली उंबरठ्यावर ठेवले, तुम्ही ठेवायचे तसे, आणि मागे सरले. शुक्रवारी नागपूरचा माणूस आला तेव्हा जाऊबाईंनीच त्याला अंगणातून परत लावलं. "इकायची नाई. भावसून वापरते आमची."

आज गटाची बैठक होती. मी सगळे हप्ते एकदम दिले. अध्यक्षीण म्हणाली, "फिटली वं तुही शिलाई मशीन!" मी मान वर करून म्हटलं, "शिलाई मशीन नव्हतीच बाई. गाणे भराची मशीन हाये. मी चालवते." मग ती म्हणाली, "बाप्पा, आमाले काय कान नाईत काय?" आणि पासबुकावर शिक्का मारला.

घरी येऊन ते पासबुक मी उंबरठ्यावर ठेवलं, तुमच्या बाजूला तोंड करून, आणि मागे सरून उभी राहिले. बराच वेळ उभी होते. मग मीच पुढे होऊन उचललं. आता ते या वहीत ठेवते आहे, तुमच्या पानांच्या आणि माझ्या पानांच्या मध्ये. शेवटच्या ओळीत बाकी काही नाही असं लिहिलेलं आहे. पैसे पूर्ण फिटले.